अनुभव धागा: बाळसं की जास्तीचं वजन?

'सुदृढ बालक' स्पर्धेत गोबरे गाल बघून बक्षिसं द्यायचे, तेव्हापासून गुटगुटीत म्हणजे निरोगी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण पहिल्या वर्षात लांबीच्या मानाने वजन भराभर वाढलं तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. उपाय नकोत, तान्ह्या बाळाला डाएट नसतं.

नाशिकची मावशी: भाचीच्या बाळाला वरचं, डब्यातल्या पावडरीचं दूध होतं. डब्यावर लिहिलंय चमचा सपाट करून घ्या, पण तिच्या सासूबाई शीग लावून घालायच्या. "लेकराला पाणी काय पाजायचं!" शिवाय बाटलीच्या तळाशी उरलेलं संपलंच पाहिजे. बाळ मान फिरवतंय, ओठ मिटतंय, आणि आजी बूच ओठांवर घासतायत. अंगावर पिताना किती उरलं ते दिसत नाही, म्हणून तिथे कोणी मागे लागत नाही.

गोडघाशी: मला गरोदरपणात शुगर होती. लेक ४ किलो १०० ग्रॅमची. सगळे खूश, आणि डॉक्टर मात्र तिच्या टाचेतून रक्त काढून साखर तपासतायत! आईची जादा साखर नाळेतून बाळाकडे जाते, ते जास्त इन्शुलिन बनवतं, चरबी साठते. नाळ कापली की तीच साखर एकदम खाली येऊ शकते.

अंगणवाडीताई: आमची नजर वजनाच्या कार्डावरच्या खालच्या रेषेवर, म्हणजे कमी वजनावर. वरच्या रेषेपलीकडचं बाळ आलं की आई कौतुकाने कार्ड दाखवते. नुसत्या वजनावरून कळत नाही, लांबी हवीच. एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे दाबायचे, बाळ रडून पाय आखडतं. दोन सेंटीमीटरचा फरक पडला तरी निकाल फिरतो.

पुणेकर बाबा: मोठ्या बाळांपुरतंच हे नाही हं. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं बारीक, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. आमची लेक सव्वादोन किलोची, म्हणून येणारा-जाणारा सांगायचा, "भरून काढा." दुधात बिस्किट, खिमटीत साखर. बायकोने दोन्ही बंद केलं. आमच्या आईचा रुसवा महिनाभर चालला.

रात्रपाळी: रडलं की बाटली, हा आमच्याकडे नियमच. ओलं दुपटं कोण बघतो!

नवी आई, ठाणे: पाळणाघरात किती मिली प्यायला ते वहीत लिहितात. संपवलं नाही की मला ऑफिसात फोन. काय सांगू त्यांना?

अंगणवाडीताई: बाटलीत कमीच भरून द्या. मागितलं तर पुन्हा बनवतील.