बचावपटूचा हिशेब फक्त चुकांचाच का?

रावपुऱ्याचा जुना बॅक
काल फतेगंजकरांनी येथे लिहिले की मुलाला फुटबॉल शिकवायचाच असेल तर पुढच्या फळीत खेळवावे, कारण बचावपटूला चूक होईपर्यंत कोणी ओळखत नाही आणि चूक झाल्यावर कोणी विसरत नाही. ते वाचून चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसलो. इटलीचा बचावपटू पाओलो माल्दिनी १९८५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, एसी मिलान क्लबकडून पहिल्यांदा उतरला आणि २००९ मध्ये चाळिशी गाठून थांबला. एकच क्लब, नऊशेहून अधिक सामने, पाच युरोपीय विजेतेपदे. आधी तो डाव्या बगलेवर धावत असे, पुढे मधोमध उभा राहू लागला, कारण चेंडू कोठे येणार हे आधी कळले की धावावे कमी लागते. असे पंचवीस हंगाम गोल करणाऱ्या कोणत्या स्ट्रायकरला मिळतात?

मी स्वतः कॉलेजात तीन वर्षे लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बगलेचा बचावपटू होतो. एका सामन्यात समोरचा, बगलेवरून चढाई करणारा विंगर आत वळण्यापूर्वी उजवा खांदा किंचित खाली सोडत असे, हे मला विसाव्या मिनिटाला उमगले, आणि त्यानंतर त्याला बगलेवरून गोलसमोर एकही चेंडू, म्हणजे क्रॉस, नीट टाकता आला नाही. सामना शून्य-शून्य सुटला. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कौतुक त्याचेच, की बिचारा किती धडपडला!

फतेगंजकर
जुने बॅक, आपल्या गोष्टीनेच माझा मुद्दा सिद्ध झाला, आभारी आहे. माल्दिनीचे म्हणाल, तर २००९ मध्ये मिलानच्या घरच्या मैदानावरील, सॅन सिरोवरील, त्याच्या अखेरच्या सामन्यात त्याच्याच क्लबच्या काही पाठीराख्यांनी निषेधाच्या शिट्ट्या वाजवल्या होत्या. पंचवीस हंगामांची ही बिदागी. सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी’ऑर पुरस्कार १९५६ पासून दिला जातो आणि तो बेकेनबाउअर, सामर आणि कानावारो या तिघाच बचावपटूंना मिळाला. २०१९ मध्ये बचावपटू व्हान डाइक मेस्सीपेक्षा अवघ्या सात गुणांनी मागे राहिला. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारचे तर बोलायलाच नको. १९९४ च्या विश्वचषकात त्याच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि दहा दिवसांनी मेदेयीनमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

आता आपण भारताच्या जर्नेलसिंगचे नाव काढणार, म्हणून आधीच सांगतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडल्यावर प्रशिक्षक रहीमसाहेबांनी या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, पुढे खेळवले, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल केला, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो गोल. अडवलेले किती चेंडू आपल्याला मोजून सांगता येतील?

दांडिया बाजारचा यष्टिरक्षक
मोजण्याचीच गोष्ट निघाली आहे, तर बडोद्यात बसून भारताचे यष्टिरक्षक किरण मोरेंचे नाव कोणी घेऊ नये याचे आश्चर्य वाटते. जानेवारी १९८८, मद्रास कसोटी. हिरवाणीने पदार्पणात सोळा बळी घेतले हे शेंबडे पोरही सांगेल. पण त्या सामन्यात मोरेंनी सहा यष्टिचीत केले, त्यातले पाच एकाच डावात, हे कोणाला आठवते? यष्टिरक्षक आणि स्टॉपर यांची जात एकच.

फतेगंजकर
आपण फुटबॉलच्या मांडवात क्रिकेटची पालखी घेऊन आलात. शिवाय मोरेंचे नाव जगभर पोहोचले ते १९९२ मध्ये सिडनीला मियाँदादने त्यांची नक्कल करत माकडउड्या मारल्या म्हणून, यष्टिचीत केले म्हणून नव्हे.

दांडिया बाजारचा यष्टिरक्षक
तोंड सांभाळून लिहावे. मी अकरा वर्षे क्लबच्या संघात यष्टिरक्षण केले आहे आणि माझ्या उजव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही. भाकरी थापताना सौ. मला बाजूला सारते. ज्यांनी दोन तास उकिडवे बसून पाहिलेले नाही, त्यांनी उड्यांवर विनोद करू नयेत.

रावपुऱ्याचा जुना बॅक
यष्टिरक्षकसाहेब, करंगळीचे दुःख कळते. पण आपल्याकडे निदान धावफलकावर ‘यष्टिचीत मोरे’ असे छापून येते. आमच्या नावापुढे येतो फक्त स्वयंगोल.

मांजलपूरची आई
भाऊ लोक, आपले संग्रहालय पाहून झाले असेल तर मी आजची गोष्ट सांगते, कारण माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि हा प्रश्न माझ्या घरातला आहे. निवड चाचणीत प्रशिक्षकांनी विचारले, “पुढे कोण खेळणार?” तेव्हा मैदानातले जवळजवळ सगळे हात वर गेले, मग वेळ संपत आली तेव्हा उरल्यासुरल्या पोरांना त्यांनी हाताने मागे ढकलून “तुम्ही बॅक” असे सांगितले. माझा मुलगा त्या उरल्यासुरल्यांत होता आणि घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलला नाही.

मला राग त्या ढकलण्याचा आहे, जागेचा नाही. इंडियन सुपर लीग या आपल्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेत २०२१-२२ पासून एका वेळी चारच परदेशी खेळाडू मैदानात असू शकतात, आणि क्लब त्यांतली निदान एक जागा गोल करणाऱ्यासाठी राखतात. एखादा परदेशी स्टॉपर असतो, परंतु दोन्ही बगलांचे बॅक बहुधा आपलेच असतात. स्ट्रायकर सुनील छेत्रीने २०२४ मध्ये देशाच्या संघाचा निरोप घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याला परत बोलवावे लागले. आपल्या पोरांना स्ट्रायकर म्हणून उभे राहायलाच मिळत नाही, त्याचा हा परिणाम. तेव्हा फतेगंजकर, पुढे खेळवा हा आपला सल्ला वाटतो शहाणपणाचा, पण त्या दारापाशी आधीच रांग लागली आहे.

कमाटीबागेतला फेरीवाला
ताई, जागा मिळेल, पण डोक्याचे काय? स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदींवरून २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांचा धोका बचावपटूंमध्ये सर्वाधिक, सामान्य माणसाच्या सुमारे पाचपट आढळला, तर गोलरक्षकांमध्ये तो सामान्य माणसापेक्षा निश्चितपणे जास्त असल्याचे दिसले नाही. उंचावरून आलेला प्रत्येक चेंडू कपाळाने परतवणे हेच ज्याचे काम, त्याच्या पंचवीस हंगामांचे कौतुक जरा जपून करावे.

रावपुऱ्याचा जुना बॅक
हे मला ठाऊक नव्हते. आमच्या वेळी पावसात चेंडू भिजून विटेसारखा जड व्हायचा, हेडर मारल्यावर कपाळावर शिवणीचा ठसा उठायचा आणि आम्ही तो एकमेकांना अभिमानाने दाखवायचो. तरीही लहान मुलांना हेडर कमी देणे शक्य आहे. त्यासाठी मागे खेळूच नये, हे मला पटत नाही.

फतेगंजकर
ताईंचा परदेशी खेळाडूंचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे मान्य करतो, आणि जुने बॅक यांनी याचा लगेच उत्सव करू नये. माझा धाकटा भाऊ स्टॉपर होता. उपांत्य सामन्यात त्याच्या गुडघ्याला लागून चेंडू आत गेला, आणि लग्नाच्या पंगतीत त्याला अजूनही “कोणत्या बाजूने वाढायचे?” असे विचारतात. मी लिहिले ते त्या पंगतीतून उठून आल्यावर. यष्टिरक्षकसाहेबांच्या करंगळीबद्दल मात्र क्षमा मागतो, मोरेंबद्दल नव्हे.

मांजलपूरची आई
भावाला विचारून सांगाल का, त्या सामन्यात त्याने त्याआधी किती चेंडू परतवले होते? माझ्या मुलाला विचारायचे आहे.

फतेगंजकर
विचारले. म्हणतो, मोजले नाहीत, पण तो चेंडू आपल्याच जाळ्यात जाईपर्यंत आम्ही एक-शून्यने पुढे होतो.