व्ही-८ नाही तर ट्रक नाही? काहीही!

टर्बोबुवा:
परवा इथल्याच एका सदस्याने ठणकावलं, "ऑफ-रोड पिकअपमध्ये व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) नसेल तर बॉनेटखाली शिलाई मशीन आहे असं समजा." एरवी सोडून दिलं असतं, पण त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. म्हणून हा प्रपंच.

फोर्डने २०१७ च्या रॅप्टरमधून (त्यांचा ऑफ-रोड पिकअप) ६.२ लिटरचा व्ही-८ काढून ३.५ लिटरचा ट्विन टर्बो व्ही-६ (सहा सिलिंडर; टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) बसवला तेव्हाही अशीच रडारड झाली होती. ४११ हॉर्सपॉवरचे ४५० झाले, टॉर्क ५८८ न्यूटन मीटरवरून ६९१ वर गेला. नुकसान कोणाचं झालं? आवाजाचं. आणि उंचीवर जा की! टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद घालवतं. टर्बो जरा जोरात फिरून बरीचशी भरपाई करतो.

आठनळी:
मीच तो शिलाई मशीनवाला. शब्द मागे घेणार नाही.
त्या २०१७ च्या गाडीची बॉडी ॲल्युमिनियमची झाली आणि सहाऐवजी दहा गिअर आले, हे सोयीस्कर विसरलात. सगळं श्रेय व्ही-६ ला? बरं, तो एवढा गुणाचा होता तर त्याच फोर्डने २०२३ ला रॅप्टर आर मध्ये ५.२ लिटरचा सुपरचार्ज्ड (इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवापंप लावलेला) व्ही-८ का घातला? ७०० हॉर्सपॉवर. हौस म्हणून?

वाळूच्या टेकडीच्या माथ्याखाली पाय दाबला की ताकद त्या क्षणी हवी. मी एकदा टर्बोवाल्या गाडीत बसलो होतो. टर्बो जागा होईपर्यंत गाडी पोटावर बसली होती. दोन तास फावडं मारलं. तुमचे आकडे फावड्याला बांधा.

टर्बोबुवा:
टायरची हवा किती उतरवली होती ते सांगा आधी. वाळूत रुतलेल्या दहातल्या नऊ गाड्यांचा गुन्हा इंजिनाचा नसतो. आणि रेंजर रॅप्टरच्या (फोर्डचाच लहान पिकअप) ३ लिटर व्ही-६ ला अँटी-लॅग आहे, बाहा (वेगवान ऑफ-रोड) मोडमध्ये पाय उचलल्यावरही तीन सेकंदांपर्यंत टर्बो फिरते ठेवतो. रॅम कंपनीनेही २०२४ च्या सुमारास टीआरएक्स पिकअपचा ७०२ हॉर्सपॉवरचा व्ही-८ बंद करून त्याच्या जागी आलेल्या आरएचओमध्ये ३ लिटरचा सरळ सहा सिलिंडरवाला बसवलाच ना, ५४० चा?

आठनळी:
म्हणजे १६२ घोडे कमी. अभिनंदन.

संथगती:
दोघांनाही हात जोडून: डिझेल. जुन्या रेंजर रॅप्टरमध्ये २ लिटरचं बाय-टर्बो होतं, ५०० न्यूटन मीटर, तेही खालच्या आरपीएमला. तुम्ही पंप शोधत फिरा, मी पुढे जातो.

आठनळी:
२१३ पीएसमध्ये (मेट्रिक हॉर्सपॉवर)? जा, जा. आम्ही जेवून, झोपून निघतो, तरी गाठू.

संथगती:
दगडांवर घोडे कोण मोजतो? तिथे लो रेंज (सावकाश, ताकदीचे गिअर) लावली की... बरं, तिथे कुठलंही इंजिन चालतं, हे मान्य. म्हणजे तुमचंही, आमचंही. आणि वाळूत चाकाचा वेग लागतो, तिथे डिझेल दमतं, हेही मान्य. झालं समाधान?

फिल्टरवाला:
इंजिन कुठलंही घ्या, एअर फिल्टर शेवटचा कधी उघडला होता? माझं इंजिन धुळीने खाल्लं. फिल्टर बदलताना झाकणाची एक क्लिप नीट बसली नव्हती. एवढंच. एका मोसमात कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं, ऑइल प्यायला लागलं. टर्बोवाल्यांनी तर जास्त घाबरावं, धूळ आधी कॉम्प्रेसरची पाती कुरतडते.

नटबोल्ट:
तेल लावलेला कापडी फिल्टर घाला, धुवा, वापरा. कटकट मिटली.

फिल्टरवाला:
मिटली नाही, सुरू झाली! तेल जास्त झालं की एअरफ्लो सेन्सरवर बसतं आणि गाडी उचक्या देते. बारीक धूळही कागदी फिल्टरच चांगली अडवतो.

नटबोल्ट:
अकरा वर्षं वापरतोय. एकदाही नाही.

फिल्टरवाला:
अकरा वर्षांत फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवून पाहिलंत?

नटबोल्ट:
तुम्ही मला बोट फिरवायला शिकवू नका. उघड्या गाड्यांत बसून धूळ खाल्लेली माणसं आहोत आम्ही.

फिल्टरवाला:
तेच म्हणतोय. तुम्ही खाल्लीत, इंजिनानेही खाल्ली.

संथगती:
प्री-क्लीनर (फिल्टरच्या आधीच धूळ काढणारा) बसवा आणि दोघंही पाणी प्या.

टर्बोबुवा:
अहो, धागा इंजिनाचा आहे! फिल्टरवर वीस प्रतिसाद?
असो. आठनळी, एक देतो तुम्हाला: सुपरचार्जर पायाखाली लगेच हजर होतो, टर्बो नाही. अँटी-लॅग ही शेवटी मलमपट्टीच. पण सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो, विरळ हवेत स्वतःहून वेग वाढवू शकत नाही. आणि टीआरएक्सच्या त्या बिडाच्या इंजिन-ब्लॉकचं वजन नाकावर घेऊन उडी मारायची असेल तर शुभेच्छा.

आठनळी:
नाकाचा मुद्दा मान्य. तोही अर्धाच, कारण रॅप्टर आर चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. आवाजाचा मुद्दा तुम्ही कधीच मान्य करणार नाही, तेव्हा तो राहू दे.

टर्बोबुवा:
आवाज चांगला आहे हो. तेवढ्यासाठी टाकी रिकामी करायची का, एवढंच विचारतोय.

आठनळी:
हो.

(रात्री उशिरा) फिल्टरवाला, आत्ता टॉर्च घेऊन एअर बॉक्स उघडला. मागची क्लिप सुटलेली. पाइपात बोट फिरवलं. कोणी काही बोलू नका.