सदाफुलीच्या पानांचा रस आणि व्हिन्क्रिस्टिन, दोन्ही एकच का? कृपया लवकर सांगा

रानजाई:
नमस्कार, इतके दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या बहिणीच्या मुलाला, वय सात, रक्ताचा कॅन्सर आहे, ए.एल.एल. म्हणतात तो. किमो चालू आहे, त्यात आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन असतं. तिच्या सासूबाईंना कुणीतरी व्हिडिओ पाठवला की हे औषध सदाफुलीपासूनच काढतात, तर मग सुया कशाला टोचून घ्यायच्या, रोज उपाशीपोटी पाच पानांचा रस द्या. आणि त्यांनी दोन दिवस दिलासुद्धा, बहिणीला काल कळलं. त्यांचा हेतू वाईट नाही, नातवावर फार जीव आहे त्यांचा, पण घरात आता सगळे एकमेकांवर चिडलेत आणि प्रत्येक जण मलाच विचारतोय कारण मी सायन्स शिकलेय (केमिस्ट्री, तेही बी.एस्सी.पर्यंतच).

मी शोधलं तर औषध खरंच सदाफुलीतून येतं असं दिसतंय. मग रस दिला तर नक्की बिघडतं काय हे मला त्यांना नीट समजावता येत नाहीये. आणि हे औषध आता यीस्टमध्ये बनवतात अशीही बातमी वाचली, म्हणजे झाडाची गरजच संपली का? कुणाला माहिती असेल तर प्लीज.

रात्रपाळी:
ताई, बाकी सगळं नंतर वाचा. आधी रस बंद करा आणि आत्ताच त्याच्या डॉक्टरांना फोन करून सांगा, किती पानं, किती दिवस, शेवटचा कधी दिला. रागावतील म्हणून लपवू नका, हे ऐकायची आम्हा नर्सना सवय असते, न सांगितलेलंच महागात पडतं. ताप आला, पोट दुखायला लागलं, शौचाला झाली नाही, जबडा दुखतो म्हणाला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. तापाला तर तासभरसुद्धा थांबू नका, घरचं तापाचं औषध देऊन बघत बसू नका. पोहोचल्यावर इथे एक ओळ टाका, मी ड्युटी संपली की सविस्तर लिहिते.

हरितद्रव्य:
रात्रपाळींनी सांगितलंय ते आधी करा. मी वनस्पतींतल्या अल्कलॉइडवर, म्हणजे झाडं बनवतात त्या औषधी-विषारी रसायनांवर, काम केलंय काही वर्षं, त्यामुळे झाडाची बाजू मी सांगतो. आणि तुमच्या बहिणीच्या सासूबाईंना सांगता येईल अशी एक खरी घडलेली गोष्ट आहे, तिथूनच सुरुवात करतो, कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वी उंदरांवर मिळालेलं आहे.

१९५२ साली जमैकातून कॅनडात रॉबर्ट नोबल नावाच्या संशोधकाकडे सदाफुलीची पानं आली. तिकडे लोक मधुमेहावर या पानांचा काढा प्यायचे. नोबलनी उंदरांना अर्क पाजला, साखरेवर काही म्हणजे काही परिणाम नाही. मग अर्क शिरेतून टोचला, तरी साखर जागची हलली नाही, पण काही दिवसांत उंदीर मरायला लागले. उघडून बघितलं तर अंगात ठिकठिकाणी जंतुसंसर्गाचे गळू. पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या, हाडांतला रक्त बनवणारा मगज, बोनमॅरो, दबला होता. दुसरा कुणी असता तर अर्क विषारी म्हणून ओतून दिला असता, पण नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी उलटा विचार केला, की जे पांढऱ्या पेशी इतक्या खाली आणतं ते पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजारात कामाला येईल. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन जगासमोर आलं, आणि त्याचंच भावंड व्हिन्क्रिस्टिन १९६३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

आता यातलं मुद्द्याचं बघा. तोंडाने पाजलं तेव्हा काही झालं नाही, शिरेतून गेलं तेव्हाच परिणाम दिसला. व्हिन्क्रिस्टिन आतड्यातून नीट आणि भरवशाने शोषलं जात नाही, म्हणूनच ते आजही शिरेतूनच देतात. सुई टाळता आली असती तर इतक्या वर्षांत कधीच टाळली असती, लहान मुलांना टोचायची कुणाला हौस नसते.

दुसरं, पानात हे असतं किती. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात आणि व्हिन्क्रिस्टिन त्याहूनही कमी असतं. पाच पानांत औषध म्हणून मोजावं असं काही येत नाही. पण येतं काय, तर बाकीची शंभराहून जास्त अल्कलॉइड, काही रक्तदाबावर काम करणारी, काही कशावर काम करतात ते अजून कुणी नीट तपासलेलंही नाही. आणि दोन पानांत प्रमाण सारखं नसतं. कोवळं पान, जून पान, ऊन, पाणी, झाडाचं वाण, सगळ्याने ते बदलतं. म्हणजे औषध जवळजवळ शून्य आणि बाकीचं किती ते माहीत नाही, असा हा रस आहे.

रात्रपाळी:
आले. मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात अकरा वर्षं नर्स आहे, व्हिन्क्रिस्टिन आठवड्यातून कितीदा हातात येतं याचा हिशेब नाही.

हे औषध मोठ्या माणसालासुद्धा एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत आणि मुलांचा डोस उंची-वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ काढून ठरवतात. तेवढ्या थेंबासाठी आम्ही दोघी जणी उभ्या राहतो, एक नाव, डोस, वेळ मोठ्याने वाचते, दुसरी फाईलशी ताडून बघते. नळीतून आधी रक्त मागे येतंय ना हे बघितल्याशिवाय औषध सोडत नाही, कारण शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं. आणि हेच चुकून पाठीच्या मणक्यातून दिलं गेलं तर जवळपास नेहमीच जीव जातो. जगात अशा चुका झाल्यात, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की हे सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्या, म्हणजे मणक्याच्या औषधाशी गफलत होणारच नाही. इतकं मोजून-मापून द्यायची ही गोष्ट आहे, आजींना हे नक्की सांगा.

आता रसाने बिघडतं काय. एक, किमोत पांढऱ्या पेशी खाली असतात आणि कच्च्या पानावर माती, बुरशी, जंतू सगळं असतं, आपल्याला काही होणार नाही पण त्याला होऊ शकतं. दोन, व्हिन्क्रिस्टिनचा निचरा लिव्हरमधल्या एका ठराविक एन्झाइममार्फत होतो. काही औषधं ते एन्झाइम अडवतात, मग व्हिन्क्रिस्टिन अंगात साचतं. बुरशीवरचं इट्राकोनाझोल त्यातलंच, ते चालू असेल तर डॉक्टर फार जपून असतात. उलट सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती ते एन्झाइम वाढवते, मग औषध अंगात टिकतच नाही. म्हणून कुठलीही पानं, पावडर, काढा सांगायचा असतो आम्हाला, ते चांगलं का वाईट हा वाद नंतर.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. व्हिन्क्रिस्टिनने नसांवर परिणाम होतो. मूल चालताना पाऊल आपटतं, फट् फट् असा आवाज येतो, कारण पावलाचा पुढचा भाग वर उचलला जात नाही. आम्ही दर वेळी मुलांना टाचांवर चालून दाखवायला सांगतो, खेळ म्हणून. ज्याला येत नाही त्याच्या डॉक्टरला लगेच कळवतो, डोस कमी करतात किंवा पुढे ढकलतात. आता याच काळात घरी चोरून काहीतरी दिलेलं असेल तर त्रास औषधाचा का रसाचा हे कळणार कसं? आणि चुकीच्या समजुतीने चांगल्या औषधाचा डोस कमी झाला तर? ए.एल.एल.ची मुलं एकेकाळी जवळजवळ वाचतच नव्हती, आज चांगल्या उपचारांत दहातली नऊ बरी होतात. असे डोस सांभाळत, वेळापत्रक पाळत आलोय आपण इथवर. ते वेळापत्रक मोडू देऊ नका ताई.

हरितद्रव्य:
नसांचं कारण थोडक्यात सांगतो, फार सुंदर आहे ते. पेशी दुभंगताना रंगसूत्रं दोन बाजूंना ओढायला आत बारीक नळ्यांचे दोर तयार होतात. व्हिन्क्रिस्टिन त्या नळ्यांच्या विटांना, ट्युब्युलिनला, चिकटतं आणि नळी उभीच राहत नाही, पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. पण तशाच नळ्या नसांमध्ये मालवाहतुकीच्या रुळांसारख्या असतात, मणक्यापासून पायापर्यंत. सगळ्यात लांब रूळ पायाचे, म्हणून त्रास आधी पावलात दिसतो.

डोंगरवाट:
यीस्टच्या बातमीबद्दल मी लिहितो. ती बातमी बहुतेक २०२२ च्या शोधनिबंधाची असावी, नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आला होता. सदाफुलीत व्हिन्ब्लास्टिन, म्हणजे व्हिन्क्रिस्टिनचं ते वर आलेलं भावंड, दोन अर्धुकं जोडून बनतं, कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन. गंमत म्हणजे झाड ही दोन्ही वेगळी ठेवतं, कॅथरँथिन पानाच्या वरच्या मेणात आणि व्हिंडोलिन पानाच्या आतल्या खास पेशींत, म्हणून तर जोडलेलं औषध पानात इतकं कमी. या लोकांनी यीस्टमध्ये वनस्पतींची ३४ जीन घातली, एकूण ५६ जनुकीय बदल केले, ३० एन्झाइमांच्या पायऱ्या उभ्या केल्या तेव्हा कुठे यीस्टने दोन्ही अर्धुकं बनवली, आणि शेवटची जोडणी तरीही बाहेर रसायनाने करावी लागली. उत्पन्न लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. त्यामुळे झाडाची गरज संपली असं अजिबात नाही, पण वाट सापडलीये. आणि ती हवीच आहे, २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिनचा तुटवडा पडला होता तेव्हा मुलांचे आईबाप हवालदिल झाले होते.

मला यात पर्यावरणाची बाजू जास्त बोचते. सदाफुली कुठेही रुजते म्हणून निभावलं. टॅक्सॉल या कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाचं बघा, ते पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून काढलं, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या संशोधकांनी. साल काढली की झाड मेलं, आणि ते झाड वाढतं इतकं हळू की शंभर वर्षांच्या झाडातून जेमतेम एका डोसपुरतं औषध. म्हणजे एका बाजूला अंडाशयाच्या कॅन्सरच्या बायका वाट बघतायत आणि दुसऱ्या बाजूला जुनं जंगल संपतंय. सुटका झाली ती फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाने युरोपियन यूच्या सुयांसारख्या पानांतून अर्धं तयार रसायन काढून दाखवलं तेव्हा, पानं पुन्हा येतात, साल येत नाही. पुढे टाकीत वाढवलेल्या वनस्पती पेशींतूनही ते काढायला लागले. २०२५ मध्ये तर झाड तसंच एक अर्धवट रसायन नक्की कुठल्या जीननी बनवतं हे शोधून ती जीन तंबाखूच्या एका जातभाईच्या पानांत घालून दाखवलीत.

अमेरिकेच्या कॅन्सर संस्थेने १९६० ते १९८२ मध्ये साधारण ३५ हजार जातींच्या वनस्पती तपासल्या, औषधं हाती लागली बोटांवर मोजण्याइतकी, टॅक्सॉल त्यातलंच. आणि लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की फुलणाऱ्या वनस्पतींपैकी ४५ टक्के धोक्यात असाव्यात. सदाफुलीच्या वंशात आठच जाती, सात मूळच्या मादागास्करच्या, जिथलं जंगल किती तुटलंय ते सगळ्यांना माहीत आहे. आपण एकीचं फूल ओळखतो, बाकीच्या सहांच्या पानात काय आहे ते नीट वाचून तरी झालंय का?

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्रभर परत परत वाचलं. काल रात्रीच फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं, रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी कमी आहेत पण त्या किमोमुळे अपेक्षितच होत्या म्हणाले, ताप नाही. फाईलवर रसाचं सगळं लिहून घेतलं. कुणी रागावलं नाही. टाचांवर चालायला सांगितलं तर डावं पाऊल थोडं आपटतंय, आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवू, पुढच्या इंजेक्शनच्या आधी पुन्हा बघू.

उंदरांची गोष्ट बहिणीच्या सासूबाईंना वाचून दाखवली. पाजलं तर काही नाही आणि टोचलं तर परिणाम, हे त्यांना लगेच पटलं, मी एवढं समजावत होते ते नाही पटलं. मग बराच वेळ गप्प होत्या, नंतर म्हणाल्या मग मी त्याच्यासाठी करू काय? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि घरातल्या सदाफुलीच्या कुंडीचं काय करायचं, उपटून टाकू का?

रात्रपाळी:
कुंडी राहू दे, फक्त तो हात लावणार नाही अशा जागी ठेवा, मातीत बुरशी असते आणि पानं त्याने तोंडात घालायला नकोत. आणि आजींना काम आहे, मोठं काम आहे. एक वही द्या त्यांना. रोज सकाळी ताप किती, शौचाला झाली का, काय खाल्लं, आणि दिवसातून एकदा टाचांवर दहा पावलं, डावं कसं पडलं, उजवं कसं पडलं. तारीख घालून लिहायचं आणि पुढच्या वेळी वही घेऊन त्यांनीच यायचं. आमच्या वॉर्डात अशी वही घेऊन येणारी आजी असली की डॉक्टर आधी तिलाच विचारतात.