माणसासारखे वागणारे प्राणी आपल्याला इतके जवळचे का वाटतात?

प्रश्न: दोन पायांवर चालणाऱ्या, बोलणाऱ्या कोल्ह्याच्या चित्राविषयी मला जी आपुलकी वाटते, ती माणसाच्या चित्राविषयी सहसा वाटत नाही. फरी समुदायातील, म्हणजे माणसासारख्या वागणाऱ्या प्राणिपात्रांच्या चाहत्यांच्या समुदायातील, लोकांची ओढ हीच असते का?

उत्तर १: ही ओढ फार जुनी आहे. जर्मनीतील एका गुहेत १९३९ साली सापडलेली, मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली सिंहमुखी मानवाकृती सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची मानली जाते. शिवाय प्राण्याच्या चेहऱ्याला ठरावीक वय, वंश किंवा सामाजिक दर्जा चिकटलेला नसल्यामुळे पाहणारा त्यात स्वतःला सहज पाहू शकतो, आणि कान मागे पडणे, शेपटी फुलणे यांतून भावना एका रेषेत कळते.

उत्तर २: फरी समुदायात याच्या पुढचे पाऊल असते. अनेक जण स्वतःसाठी एक प्राणिरूप घडवतात, त्याला नाव, रंग आणि स्वभाव देतात. लाजाळू व्यक्तीला त्या रूपाच्या आडून मोकळेपणाने बोलता येते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. पहिले स्वतंत्र फरी संमेलन १९८९ साली कॅलिफोर्नियात भरले.

उत्तर ३: प्रत्येक फरी प्राण्याचा पोशाख घालतो असा गैरसमज नको, कारण बहुतेकांकडे तो नसतोच. मात्र ज्यांच्याकडे असतो, त्यांच्या मुखवट्यातील कारागिरी अवश्य निरखावी: बुबुळे खोबणीत आत बसवलेली असल्यामुळे आपण कुठेही उभे राहिलो तरी ती नजर आपल्याकडेच वळल्यासारखी भासते.