मदत हवी आहे : फूको आणि दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद

एका निबंधात अडकले आहे. विषय आहे सत्तेचे सिद्धांत आणि वर्णभेद.

फ्रेंच विचारवंत मिशेल फूको म्हणतो की सत्ता ही कुणाच्या मालकीची वस्तू नव्हे, ती नात्यांमधून, नोंदींमधून, सवयींमधून फिरत राहते. १९५०चा लोकसंख्या नोंदणी कायदा वाचताना हे अगदी पटतं. आधी माणसाला वंशाच्या खान्यात घालायचं, मग त्यानं कुठं राहायचं ते त्याच वर्षीच्या समूह क्षेत्र कायद्यानं ठरवायचं. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून बघायची, पडते की अडकते! एकाच घरातल्या भावंडांचे वंश वेगळे ठरत. कारकुनाचा शेरा म्हणजेच सत्ता, याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. (१९५२च्या ज्या कायद्यानं कृष्णवर्णीयांना सतत जवळ बाळगाव्या लागणाऱ्या पासची सक्ती आणखी घट्ट केली, त्याच्या नावातच ‘पास रद्द करणे’ होतं. काय बोलणार!)

पण शार्पव्हिलपाशी गाडी अडते. दक्षिण आफ्रिकेतल्या या वस्तीत २१ मार्च १९६०ला पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मेली. इथं सत्ता ‘फिरत’ नव्हती, बंदूक कुणाच्या हातात होती ते सरळ दिसत होतं. राजकीय विचारवंत हॅना आरेंटच्या मते हिंसा म्हणजे सत्ता नव्हेच, सत्ता ढासळू लागली की हिंसा पुढे येते. मग तिच्या हिशेबानं खरी सत्ता पास घरी ठेवून चौकीवर गेलेल्या लोकांकडे होती का?

दोघांना एकाच निबंधात घ्यावं, की ही ओढाताण होईल? फूकोच्या १९७६च्या व्याख्यानांतला ‘राज्यसंस्थेचा वंशवाद’ (कुणी जगावं आणि कुणाला मरू द्यावं हे राज्यसंस्था वंशावरून ठरवते, ही कल्पना) इथं उपयोगी पडेल का? कुणी वाचलं असेल तर जरा सांगा.