गाडी लगेच सुरू होते, रेस दिली की बंद पडते. पंप बदलू का?

कडक_भाकरी_जुळेसोलापूर
गाडी 2011 ची, पेट्रोल, 1000 सीसीची. दोन महिन्यांपूर्वी 1,20,000 ला घेतली, तिसरी मालक मी. माझं कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं काम आहे. पहाटे 5 ला मागची सीट पाडून डबे भरते, तुळजापूरची दुकानं करून 11 पर्यंत घरी. टेम्पोच्या भाड्यातच कमाई जायची म्हणून ही घेतली.

आठ दिवसांपासून असं होतंय. किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. जागेवर 10 मिनिटं उभी ठेवली तरी तक्रार नाही. निघाले, जरा जोरात रेस दिली, की बंद. परत किल्ली मारली की लगेच सुरू! परवा सात रस्ता चौकात तीनदा बंद पडली. मागे बस, आणि ब्रेक दगडासारखा घट्ट. हातपाय गार पडले माझे.

गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी धुतली. 3,800 गेले, फरक काही नाही. आता पंप बदला म्हणतोय, 6,500. तेवढ्यात माझं शेंगदाण्याचं पोतं येतं. पंपच असेल तर बदलीन, पण आधी खात्री कशी करायची?

विजापूररोडकर
मीटरवर किल्लीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकतंय का बघा. माझ्या गाडीत किल्लीतली चिप वाचली जात नव्हती, सुरू होऊन दोन सेकंदात बंद पडायची. दुसऱ्या किल्लीनं लगेच कळलं.

फिटर_अक्कलकोटरोड
चिपचं असतं तर 10 मिनिटं जागेवर चाललीच नसती.

ताई, पंपाला हात लावू नका अजून. बंद कशी पडते ते सांगा. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आचके देते, ओढ कमी होते, मग मरते. आणि लगेच इतकी गुणानं परत सुरू होत नाही. वायरिंगनं पुरवठा तोडला तर बटण दाबल्यासारखी एका क्षणात जाते. यातलं कुठलं?

दुसरं, आरसीवर इंधन काय लिहिलंय? तिसरं, डिकीतलं मॅटिंग उचलून बघा, पत्र्याला बोल्टची भोकं आहेत का. आणि आठ दिवसांपूर्वी गाडीत काही काम केलं होतं का, अगदी बारीकसुद्धा?

तोवर एक लक्षात ठेवा. बंद पडली की ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायचा नाही. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच जोर उरतो. एकदाच दाबून धरा आणि कडेला घ्या.

कडक_भाकरी_जुळेसोलापूर
बटण दाबल्यासारखीच जाते, आचका एकही नाही. आरसीवर "पेट्रोल/सीएनजी" आहे, हे मी आज पहिल्यांदा नीट वाचलं. विकणाऱ्यानं नुसती पेट्रोल म्हणून दिली, डिकीत टाकी नाही. मॅटिंगखाली चार भोकं आहेत, एम-सील भरलेली. आणि हो, आठ दिवसांपूर्वी मोबाईल चार्जिंगचं सॉकेट बसवून घेतलं, स्टेअरिंगच्या खाली.

फिटर_अक्कलकोटरोड
मग सापडलं. गाडीत आधी सीएनजी होता, ती भोकं त्या टाकीची. सीएनजी टाकीची दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी करावी लागते. तो खर्च टाळायला लोक टाकी काढून विकतात आणि वायरिंग तसंच ठेवतात. स्टेअरिंगखाली काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं बटण असेल. जुन्या सीएनजी किटच्या बटणाला तीन जागा असतात: पेट्रोल, ऑटो, गॅस. सॉकेट बसवताना ते ऑटोवर सरकलं असणार. ऑटोवर गाडी पेट्रोलवर सुरू होते, रेस वाढली की किट इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करून गॅस सोडतं. तुमच्यात गॅसच नाही, मग ती चालणार कशावर?

बटण पेट्रोलवर करा, कॉलनीतच एक चक्कर मारा.

कडक_भाकरी_जुळेसोलापूर
काका, सापडलं! दोन टेपच्या आत, ऑटोवरच होतं. पेट्रोलवर केलं, आसरा चौकापर्यंत जाऊन आले, मुद्दाम जोरात रेस देऊन बघितलं. एकदाही बंद पडली नाही. डोळ्यात पाणी आलं हो माझ्या.

फिटर_अक्कलकोटरोड
छान झालं. पण एवढ्यावर थांबू नका. ते बटण पुन्हा सरकेल, तेही भर ट्रकच्या रस्त्यावर. इंजेक्टरच्या वायरी किटच्या डबीतून गेल्यात, ती डबी काढून इंजेक्टरचे मूळ कनेक्टर थेट जोडून घ्या. रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅसचे पाइप बॉनेटखाली राहिले असतील तर तेही काढा. काम अर्ध्या दिवसाचं आहे. आरटीओत आरसीवरून सीएनजी कमी करून घ्या, नाहीतर पासिंगला अडवतील.

कडक_भाकरी_जुळेसोलापूर
उद्याची तुळजापूरची फेरी टेम्पोनं करते, गाडी सकाळीच वायरमनकडे लावते. त्याला तुमचा हाच मजकूर दाखवीन. आरटीओचं सोमवारी.