प्रादेशिक केंद्रं हवीतच

कृषी विद्यापीठाच्या मुख्य आवारात संशोधन चालू असताना त्याच्या प्रादेशिक संशोधन केंद्रांवर वेगळा खर्च कशाला, असं काही जण विचारतात. मला हे अजिबात पटत नाही. माती आणि पाऊसमान बदललं की पिकाच्या त्याच वाणाचं उत्पादन बदलतं, म्हणून चाचणी तिथल्याच जमिनीत घ्यावी लागते. एकेका वाणाचे तीन-चार प्लॉट, त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या, तुलनेला शेजारी नेहमीचा वाण. नाहीतर शेताच्या सुपीक कोपऱ्याचं श्रेय बियाण्याला जातं! अमेरिकेत १८८७च्या हॅच कायद्याने प्रयोग केंद्रांना निधी मिळाला, पण विस्तार सेवेसाठी, म्हणजे ते संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याच्या कामासाठी, स्मिथ-लिव्हर कायदा यायला १९१४ साल उजाडलं. संशोधन आणि विस्तार ही दोन्ही कामं एकाच केंद्रात असली की शेतकऱ्याने आणलेलं रोगट पान त्याच दिवशी संशोधकाच्या टेबलावर पोचतं.